पॉन्झीने पैसे खरंच परत दिले होते

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांत बोलणं मराठी आणि सकाळचा पेपर हिंदी, ही जुनीच रीत. त्या पेपरात आतल्या पानावर अधूनमधून एक बातमी हमखास येते: 'रकम दोगुनी करने का झांसा'. खाली कुलूप लावलेलं ऑफिस आणि ठाण्यासमोर जमलेली माणसं. बातमीत कुठेतरी 'पॉन्झी स्कीम' असे शब्द असतात. नववी-दहावीतल्या कुणी विचारलंच की हे पॉन्झी काय असतं, तर "लोकांना लुटायचा धंदा" एवढ्यावर उत्तर संपतं आणि पान उलटलं जातं.

उत्तर चूक नाही, पण त्यातली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट सांगायची राहून जाते. चोर पैसे घेऊन पसार होतो. पॉन्झी पैसे परत द्यायचा, कबूल केलेल्या तारखेच्या आधी द्यायचा, नफ्यासकट द्यायचा. त्याच्या खिडकीवर पैसे घेतलेला माणूस घरी जाऊन शेजाऱ्याला सांगायचा ते अक्षरशः खरं असायचं. तरीही हजारो लोक बुडाले. ते कसे, हे समजून घ्यायला आधी माणूस बघू आणि मग त्याचं गणित.

शब्दाचा अर्थ एकदाच सांगून ठेवतो. नव्याने आलेल्यांचे पैसे घ्यायचे आणि तेच जुन्यांना 'नफा' म्हणून वाटायचे, मध्ये खरा धंदा काहीच नाही, याला पॉन्झी योजना म्हणतात.

अडीच डॉलर आणि बऱ्याच थापा

चार्ल्स पॉन्झी 1882 मध्ये इटलीतल्या लुगो गावी जन्मला. घरचं नाव कार्लो. रोमच्या विद्यापीठात शिकायला गेला, श्रीमंत मित्रांच्या नादाने पैसे उडवले आणि पदवी न घेताच बाहेर पडला. नोव्हेंबर 1903 मध्ये तो अमेरिकेत बोस्टन बंदरात उतरला. जवळचे पैसे जहाजावर जुगारात गेले आणि खिशात अडीच डॉलर उरले, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. ठगाच्या तोंडची गोष्ट आहे, तेव्हा थोडं तिखटमीठ लावलेलं धरा.

त्याने हॉटेलात भांडी घासली, मग वेटर झाला. गिऱ्हाइकांना सुट्टे कमी देतो म्हणून काम गेलं. 1907 मध्ये कॅनडात माँट्रियलला गेला आणि झारोसी नावाच्या इटालियन माणसाच्या बँकेत नोकरीला लागला. आपल्या गोष्टीच्या दृष्टीने ही नोकरी फार महत्त्वाची. इतर बँका तीन टक्के व्याज देत असताना झारोसी सहा टक्के द्यायचा. साहजिकच लोकांची रीघ लागली. पण बँकेने दिलेली कर्जं बुडत होती आणि जुन्या ठेवीदारांचं व्याज नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जात होतं. शेवटी झारोसी मेक्सिकोला पळाला. म्हणजे ज्या युक्तीला पुढे पॉन्झीचं नाव चिकटलं, ती त्याने शोधलेली नव्हती. नोकरी करता करता त्याने ती डोळ्यांनी बघितली होती. खुद्द बोस्टनमध्येच सारा हाव नावाच्या बाईने 1879-80 च्या सुमारास बायकांसाठी अशीच 'बँक' चालवून दाखवली होती.

झारोसी पळाल्यावर पॉन्झीने एका गिऱ्हाइकाच्या चेकवर खोटी सही केली, रक्कम 423 डॉलर 58 सेंट. तुरुंगात गेला. तिथून आईला पत्र लिहिलं की तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे मला चांगली नोकरी लागली आहे! सुटल्यावर काही इटालियन माणसांना चोरून अमेरिकेच्या हद्दीत आणलं म्हणून पुन्हा अटक, अटलांटात दोन वर्षं.

एवढं वाचून तुमच्या डोळ्यांसमोर सिनेमातला खलनायक आला असेल, तर एक प्रसंग सांगायला हवा. अलाबामात खाणकामगारांच्या वस्तीतल्या दवाखान्यात तो काम करत होता. तिथली एक नर्स भाजली आणि तिला लावायला कुणाचीतरी कातडी हवी होती. पॉन्झीने आपली दिली आणि नंतर बराच काळ स्वतः अंथरुणाला खिळला. हाच माणूस पुढे बोस्टनच्या गरिबांची आयुष्यभराची बचत खाणार होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोकांना तो आवडायचा, आणि त्यामागे त्याचा नुसता अभिनय नव्हता.

स्पेनहून आलेलं पाकीट

1919 मध्ये पॉन्झी बोस्टनच्या स्कूल स्ट्रीटवर एका भाड्याच्या खोलीत बसून व्यापाऱ्यांसाठी जाहिरातींचं पुस्तक काढायची खटपट करत होता. पुस्तक काही निघालं नाही. पण त्याबद्दल चौकशी करणारं एक पत्र स्पेनहून आलं आणि पाकिटातून एक छापील कागद बाहेर पडला. आंतरराष्ट्रीय उत्तर कुपन.

हे कुपन काय असतं? समजा तुम्ही इंदूरहून इटलीतल्या कुणाला पत्र टाकलंत आणि त्याच्या उत्तराचं तिकीट तुमच्याच खर्चाने जावं असं तुम्हाला वाटतं. आपलं तिकीट आत घालून उपयोग नाही, इटलीचं पोस्ट ते चालवून घेणार नाही. म्हणून 1906 मध्ये रोमला भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या बैठकीत तोड निघाली. तुम्ही आपल्या पोस्टातून कुपन घ्यायचं, पाकिटात घालायचं, आणि पत्र मिळालेल्याने ते त्याच्या पोस्टात देऊन तिथलं तिकीट घ्यायचं.

कुपनाच्या किमती ठरल्या त्या पहिल्या महायुद्धाच्या आधी. युद्धानंतर इटलीच्या लिराचा भाव डॉलरपुढे पार घसरला, पण इटलीत कुपनाची किंमत जवळपास होती तीच राहिली. म्हणजे डॉलर देऊन लिरा घ्यायचे, लिरांत कुपनं घ्यायची, ती अमेरिकेत आणायची, आणि प्रत्येकावर पाच सेंटांचं तिकीट उचलायचं. पॉन्झीच्या हिशोबाप्रमाणे एका डॉलरला बोस्टनमध्ये 20 कुपनं यायची आणि रोममध्ये 66.

यात बेकायदेशीर काही नव्हतं, फरकही खरा होता. "फायदा होतो कसा?" असं कुणी विचारलं तर पॉन्झीकडे उत्तर तयार असायचं, आणि कुपन नावाची वस्तू आहे की नाही हे कुणीही पोस्टात जाऊन पडताळू शकत होतं. थाप पकडायला निघालेला माणूस नेमका इथे समाधान होऊन परत फिरायचा.

कुपन खरं, धंदा अशक्य

आता आपण थोडा हिशोब करू. एक कुपन पाच सेंटांचं. एका डॉलरला 20 कुपनं. पॉन्झीला दहा लाख डॉलर या मार्गाने उभे करायचे तर दोन कोटी कुपनं हवीत. ती इटलीतल्या पोस्टांच्या खिडक्यांवरून विकत घ्यायला माणसं हवीत, जहाजातून आणायची, मोजायची, पुन्हा अमेरिकेतल्या पोस्टांत नेऊन बदलायची. एवढं करून हातात काय? तिकिटं. रोख पैसे नाहीत. ती तिकिटं विकायला पुन्हा गिऱ्हाईक शोधा.

चार-पाचशे कुपनांवर एखाद्याने किरकोळ कमाई केली असती. कोट्यवधींवर नाही. हा हिशोब करायला पाचवीचं गणित पुरतं आणि शेवटी पॉन्झीला पकडलं ते याच हिशोबाने. पण त्या आधी सात-आठ महिने तो कुणी केला नाही, कारण सगळे वेगळाच प्रश्न विचारत होते: पैसे मिळतात का?

मग पैसे यायचे कुठून?

पॉन्झीने कंपनी काढली आणि लोकांना कागद लिहून द्यायला सुरुवात केली: 90 दिवसांत दीडपट. प्रत्यक्षात तो 45 दिवसांतच द्यायचा. जानेवारी 1920 मध्ये 18 जणांनी मिळून 1,800 डॉलर ठेवले. मुदत भरल्यावर सगळ्यांना दीडपट मिळाले. ते 18 जण गप्प बसणार होते थोडेच! पैसे आणून देणाऱ्या एजंटांना पॉन्झी दहा टक्के द्यायचा, त्यामुळे ज्यांना राहवत नव्हतं त्यांना बोलायला कारणही मिळालं. मे महिन्यात एका महिन्याची जमा चार लाख डॉलरच्या पुढे गेली. जुलैत तर स्कूल स्ट्रीटवर रस्ताभर रांगा, आत कारकुनांची कपाटं भरलेली, आणि रद्दीच्या टोपल्यांत नोटा कोंबलेल्या. गवंडी, शिंपी, विधवा बायका, बोस्टनचे पोलीस, सगळे रांगेत.

कुपनांचा धंदा जवळपास शून्य होता. पहिल्यांना दिलेला 'नफा' दुसऱ्यांचे पैसे होते आणि दुसऱ्यांना दिलेला तिसऱ्यांचे.

हे किती दिवस चालू शकतं, ते आपल्या गावावर बसवून बघू. समजा रामबागेत दहा जणांनी प्रत्येकी 1,000 रुपये दिले. जमा 10,000. दर 45 दिवसांनी दीडपट, म्हणजे देणं 15,000. धंदा काही नाही, तेव्हा पुढच्या फेरीत 15 नवे लोक हवेत. त्या 15 जणांचे 22,500 द्यायला 23 लोक हवेत. मग 35, मग 53, मग 80. आकडे अजून गल्लीत मावणारे आहेत. वर्षअखेर, म्हणजे आठव्या फेरीला, 270 लोक हवेत. एवढे एखाद्या लग्नाला सहज जमतात, म्हणून अजून कुणाला शंका येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सात हजारांच्या आसपास. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पावणेदोन लाखांच्या वर. आणि चौथं वर्ष पुरं व्हायच्या आत एका फेरीला तीस लाखांच्या घरात नवी माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत सगळं इंदूर शहर धरून, पाळण्यातल्या बाळांसकट, सुमारे वीस लाख होतं.

यात मी चालवणाऱ्याला एक रुपयाही दिलेला नाही. तो घर घेणार, गाडी घेणार, एजंटांना वाटणार, तेव्हा खरा हिशोब याहून लवकर कोसळतो. पॉन्झीने लेक्सिंग्टनला बंगला घेतला आणि हॅनोव्हर ट्रस्ट नावाच्या बँकेवर ताबा मिळवला.

तरी एवढे महिने निघाले, कारण बहुतेक लोक पैसे उचलतच नसत. हजाराचे दीड हजार झाले की तेच पुन्हा ठेवायचे. ओळीने आठ वेळा ठेवले तर कागदावर हजाराचे पंचवीस हजार सहाशे होतात, मग मोह आवरणार कोण? पॉन्झीला फक्त नवा कागद लिहून द्यावा लागायचा. शाई खर्च व्हायची, पैसे नाही.

एक गणिती आणि एक फोटो

पडझड जुलैच्या शेवटी सुरू झाली. त्याआधी एका फर्निचरवाल्याने कोर्टात दावा लावला होता की मी याला सुरुवातीला पैसे दिले, तेव्हा धंद्यात माझा वाटा आहे, दहा लाख डॉलर द्या. दाव्यात दम नव्हता, पण त्या निमित्ताने लोक विचारू लागले की कालपर्यंत उधारीवर टेबल घेणाऱ्याकडे एवढे पैसे आले कुठून.

'बोस्टन पोस्ट' या वर्तमानपत्राने क्लॅरेन्स बॅरन या आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्या नावाजलेल्या माणसाला विचारलं. बॅरनने आपण वर केला तोच हिशोब केला. पॉन्झी म्हणतो तेवढा व्यवहार व्हायला 16 कोटी कुपनं फिरत असायला हवीत, प्रत्यक्षात जगात फिरत होती सुमारे 27,000. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला जास्त आवडते: 45 दिवसांत दीडपट करायची युक्ती ज्याच्याकडे आहे, तो स्वतःचे पैसे साध्या बँकेत आणि घरांत का गुंतवतो?

त्याच दिवसांत सरकारी वकिलांनी वह्या तपासायचं ठरवलं आणि तपास होईपर्यंत नवे पैसे घेणार नाही, असं पॉन्झीने कबूल केलं. एवढ्या हुशार माणसाने हे का मान्य केलं असेल, याचं नवल वाटतं. नवे पैसे बंद म्हणजे सगळंच बंद. बाहेर गर्दी उसळली, पैसे परत द्या. पॉन्झी झकपक कपड्यांत रस्त्यावर आला, रांगेतल्यांना कॉफी आणि डोनट वाटले, हसला, आणि तीन दिवसांत सुमारे वीस लाख डॉलर परत केले. ते बघून कितीतरी जण रांग सोडून घरी गेले. म्हणाले, देतोय की माणूस.

मग त्यानेच जाहिरातीसाठी ठेवलेल्या मॅकमास्टर्सला कागदपत्रं बघून खरं काय ते कळलं, आणि 2 ऑगस्टला त्याने पेपरात लिहिलं की पॉन्झी पुरता दिवाळखोर आहे. 11 ऑगस्टला 'बोस्टन पोस्ट'ने पॉन्झीचा माँट्रियलच्या तुरुंगातला फोटो छापला. दुसऱ्या दिवशी पॉन्झी अटकेत होता. देणं सुमारे 70 लाख डॉलर. तपासात कुपनं सापडली ती 61 डॉलरची. या कामाबद्दल वर्तमानपत्राला 1921 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. हॅनोव्हर ट्रस्ट धरून सहा बँका बुडाल्या, आणि लोकांना डॉलरमागे निम्म्याहूनही कमी परत मिळाले.

पॉन्झीचं पुढचं आयुष्य थोडक्यात: तुरुंग, मग जामिनावर असताना फ्लोरिडात दलदलीची जमीन प्लॉट म्हणून विकायचा उद्योग, वेष पालटून जहाजातून पळायचा प्रयत्न, पुन्हा तुरुंग, 1934 मध्ये इटलीला हकालपट्टी. बायको रोझ अमेरिकेतच राहिली. 1949 मध्ये तो ब्राझीलमध्ये रिओच्या धर्मादाय रुग्णालयात वारला. आपल्याकडे ठक म्हटला की नटवरलाल आणि ताजमहाल विकल्याच्या दंतकथा निघतात. पॉन्झीची गोष्ट त्या मानाने रुक्ष, सगळी बेरीज-गुणाकाराची. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा घडते. 2008 मध्ये न्यूयॉर्कला बर्नार्ड मॅडॉफ पकडला गेला, 2013 मध्ये बंगालमध्ये शारदा समूह कोसळला. कुपनाच्या जागी कधी शेअर, कधी जमीन, कधी क्रिप्टो.

"पण आमच्या काकांना खरंच मिळाले"

मिळाले असतील. यावर काकांशी वाद घालू नका, तुम्ही हराल. त्यांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आहे. पण काकांना मिळालेला पैसा एवढंच सिद्ध करतो की त्या महिन्यात नवे लोक पुरेसे आले. धंदा चालतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. पॉन्झीच्या पहिल्या 18 जणांनाही मिळाले होतेच.

बोस्टनचे लोक बावळट होते, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. त्यांनी चौकशी केली होती, ओळखीच्या माणसाला विचारलं होतं, थोडे ठेवून पाहिले होते, मिळाल्यावरच जास्त ठेवले. आपण कुठलाही व्यवहार असाच तर करतो. रसवंतीवाल्यापासून क्लासपर्यंत सगळीकडे ही रीत चालते. पॉन्झी योजनेत ती उलटी पडते, कारण तिथे पहिली परतफेड हाच गळाला लावलेला आमिषाचा तुकडा असतो. तिथे विचारायचं ते हे: काकांना दिलेले पैसे कमावले कुणी, काय विकून?

"मग मी आधीच बाहेर पडेन"

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात, मला माहीत आहे. शेवटी बुडणार असेल तर सुरुवातीला शिरून दोन फेऱ्यांत निघावं.

पहिली अडचण, तुम्ही कितव्या फेरीत आहात हे तुम्हाला कुणी सांगत नाही. ज्या दिवशी तुमच्यापर्यंत ही बातमी पोचते, त्या दिवशी ती बहुतेक सगळ्यांपर्यंत पोचलेली असते. दुसरी, कायदा. ऑगस्ट 1920 च्या त्या घाईत ज्यांनी पॉन्झीकडून पैसे काढून घेतले, त्यांच्यावर दावे झाले. 1924 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दिवाळखोरी उघड झाल्यावर धावत जाऊन उचललेले पैसे परत करावे लागतील, सगळ्या बुडालेल्यांना सारखं वाटप व्हायला हवं. आपल्याकडे 1978 चा कायदा तर अशी साखळी चालवणाऱ्याबरोबर तिच्यात सदस्य होणाऱ्यालाही दोषी धरतो. आणि 2019 च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या ठेव योजना सरळ बंद केल्या आहेत.

तिसरी अडचण कायद्याच्या पुस्तकात नाही. तुम्ही काढून नेलेले जादा पाचशे रुपये तुमच्या नंतर आलेल्या कुणाचे तरी असतात, आणि त्याला बऱ्याचदा तुम्हीच आणलेलं असतं.

मग बीसी आणि बँक?

इंदूरमध्ये हे विचारल्याशिवाय कुणी सोडणार नाही. पुण्याकडे जिला भिशी म्हणतात ती आपली बीसी. लोकमान्य नगरात नाहीतर सुदामा नगरात कुणाच्याही घरी महिन्याच्या ठरलेल्या दुपारी बघा. बारा जणी, प्रत्येकीचे दोन हजार, स्टीलच्या वाटीत नावांच्या चिठ्ठ्या, एखाद्या पोराला बोलावून एक उचलायला लावायची, आणि जिचं नाव निघालं तिला चोवीस हजार. कचोरी, चहा, वहीत खूण. इथेही एकीला मिळतात ते बाकीच्यांचेच पैसे. मग फरक काय?

बेरीज करून बघा. वर्षभरात प्रत्येकीने भरले चोवीस हजार आणि प्रत्येकीला मिळाले चोवीस हजार. कुणाला आधी, कुणाला नंतर. जास्त कुणालाच कबूल केलेले नाहीत, त्यामुळे नव्या माणसाची गरजच नाही. बारा जणींत सुरू झालं, बारा जणींत संपतं. आणि कुणाचे पैसे कुणाला गेले हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बीसीतही बुडायला होतं. आपला नंबर घेऊन एखादी भरायची थांबते, कधी गोळा करणारीच गाव सोडते, आणि लेखी काही नसल्याने दाद मागणं कठीण. पण तो माणसाच्या सचोटीचा प्रश्न आहे. पॉन्झीची योजना सगळे प्रामाणिक असले तरी बुडतेच, कारण तिच्या बेरजेतच खोट आहे. (कुणी बीसीत 'दर महिन्याला दहा टक्के वर' असं सांगायला लागलं, की मात्र ती बीसी राहिली नाही.)

बँकही एकाची ठेव दुसऱ्याला देते, असा पुढचा आक्षेप. देते, पण कर्ज म्हणून. कर्ज घेणारा दुकान चालवतो, हप्ता भरतो, त्याच्या व्याजातून तुमचं व्याज येतं. वह्या दरवर्षी तपासल्या जातात, वर रिझर्व्ह बँक आहे, आणि बँक बुडालीच तर फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंत विमा आहे. म्हणूनच बँकेचे दर कंटाळवाणे असतात. पोस्टाच्या किसान विकास पत्रात एप्रिल 2023 मध्ये ठरलेल्या साडेसात टक्के दराने पैसे दुप्पट व्हायला 115 महिने लागतात, साडेनऊ वर्षांहून जास्त. कुणी सहा महिन्यांत दुप्पट म्हणाला, तर देशाचं सरकार साडेनऊ वर्षांत करतं ते हा काय करून सहा महिन्यांत करतो, हे त्याच्याकडून ऐकायला हवं. 'कंपनीचं गुपित आहे' हे उत्तर धरू नका.

आता हे मोबाइलवर येतं

आता स्कूल स्ट्रीटची रांग लागत नाही. टेलिग्रामवर एक ग्रुप येतो: घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या. पहिल्या दिवशी खरंच दीड-दोनशे रुपये खात्यात येतात. नवशिक्याला वाटतं, लबाड असता तर दिले कशाला असते? मग 'प्रीपेड टास्क': पाच हजार भरा, साडेसहा घ्या. तेही येतात. मग पन्नास हजार, आणि तिथून स्क्रीनवर आकडा वाढत जातो पण काढता येत नाही. काढायला 'टॅक्स' भरा, मग 'फी' भरा. ग्रुपमधले "मला मिळाले भिया" म्हणणारे बहुतेक त्यांचेच. पॉन्झीला निदान खरे 18 समाधानी लोक तयार करावे लागले होते. इथे तेवढीही तसदी नाही.

तुमच्या वयाच्या मुलांसाठी यात एक वेगळा सापळा आहे, आणि भंवरकुआंकडे क्लाससाठी खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांपर्यंत तो लवकर पोचतो. "तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर दे, पाच हजार देतो." बुडालेल्यांचे पैसे मग त्या खात्यांतून फिरतात. पोलीस पैशांचा माग काढत येतात तेव्हा पहिलं नाव खातेदाराचं निघतं, आणि "मला काही माहीत नव्हतं" हे त्याला सिद्ध करावं लागतं.

कुणी ठेव घेत असेल तर त्याला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं, तक्रारही तिथेच टाकता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 वर फोन करायचा, तो जितका लवकर तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. बहुतेक घरांत हा फोन उशिरा जातो. मुलगा आईबाबांना सांगायला घाबरतो, आणि बाबांचे गेले असतील तर ते मुलासमोर कबूल करायला लाजतात. काकांना तर आणखी जड जातं, कारण त्यांनी भावाचेही पैसे ठेवायला लावलेले असतात. 1930 वर मात्र हे काही विचारत नाहीत. रक्कम, वेळ, खातं किंवा यूपीआय नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक लागतो. तो स्क्रीनशॉट डिलीट करू नका.